मुसल्ल्याएवढी जागा

पहाटेच्या अंधारात घरात चालण्याची मला लहानपणापासूनची सवय आहे. दिवा लावला की लहान मुलं जागी होतात, म्हणून फजरच्या नमाजला उठणारा माणूस आमच्याकडे भिंत चाचपत मोरीपर्यंत जातो. २०१९ च्या उन्हाळ्यात असाच निघालो आणि पायाखाली प्लास्टिकची मोटार आली. मोटार जाऊन दारावर आपटली, मी भिंतीवर. नात दचकून उठली, तिच्या रडण्यानं धाकटा नातू उठला, आणि आतून पत्नीचा आवाज आला, "लाईट लगाते तो क्या बिगड़ता था?"

लाईट लावला आणि खोली नीट पाहिली. जमिनीवर दोन मोटारी, डोकं नसलेली एक बाहुली, रंगीत ठोकळे, खडू, एकाच पायाचा बूट, अर्धा बिस्किटाचा पुडा आणि कुणाच्या तरी वाढदिवसाची कागदी टोपी. कोपऱ्यात माझ्या वह्या आणि कवितांची कात्रणं, तेही सांगायला हवं. मुसल्ला अंथरायला अडीच फूट रुंद आणि चार फूट लांब जागा लागते. तेवढी मोकळी करायला मला पाच मिनिटं वाकून काम करावं लागलं.

नमाज झाली, पण मन दुसरीकडेच होतं. तासगावच्या ज्या जुन्या घरात आम्ही सात भावंडं वाढलो, ते दोन खोल्यांचं होतं. तिथं मुसल्ल्याची जागा कधी शोधावी लागली नाही. आज दोनच लहान मुलं आहेत, खोल्या पाच आहेत आणि जागा सापडत नाही. असं का व्हावं? "आमच्या आयांना शिस्त होती, आताच्या मुलींना नाही," हे त्याचं सोपं उत्तर. हे उत्तर मी स्वतः बरीच वर्षं सुनेला ऐकवलं. पण आठवत गेलो, थोडं वाचत गेलो, तसं ते खोटं ठरलं. आपल्या घरांतल्या पसाऱ्याला एक इतिहास आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमचं जुनं घर माळवदी होतं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचं धाबं. तासगावात पटवर्धनांचे वाडे होते, त्यांच्या घरी कोठी असे आणि कोठीवर माणूस असे. आमच्यासारख्यांच्या घरात भिंत हीच कोठी. भिंतीत कोनाडे. आम्ही घरात दखनी बोलतो, त्यात कोनाड्याला 'ताख' म्हणतात. शाळेत एकदा मी "आमच्या ताकात दिवा ठेवतात" असं सांगितलं, तेव्हा वर्ग पाच मिनिटं हसत होता. सगळ्यात उंच ताखात कापडात गुंडाळलेलं कुराण, त्याखालच्यात दिवा, तिसऱ्यात सुई-दोरा आणि औषधाची पुडी. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर पिशव्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दांडी, दांडीवर कपडे. आढ्याला शिंकं, शिंक्यात दूध. भिंतीतच बळद, बळदात जोंधळा. आणि स्वयंपाकाच्या जागी उतरंड: मोठा डेरा खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशी एकावर एक चढलेली गाडगी-मडकी.

नीट पाहिलं तर यात एक हिशोब दिसतो. जमीन रिकामी ठेवलेली असे, कारण त्याच जमिनीवर सगळं करायचं असे. तिथंच जेवायचं, तिथंच जात्यावर दळायचं, तिथंच नमाज, तिथंच रात्री अंथरुणं. सकाळी अंथरुणांच्या वळकट्या भिंतीशी गेल्या की झोपण्याची खोली बैठकीची झाली. रांगणाऱ्या मुलाचा हात दोन फुटांच्या वर पोचत नाही. त्या घरातली कामाची प्रत्येक वस्तू दोन फुटांच्या वर होती. खाली होतं ते मुलाला हलवता येणार नाही इतकं जड होतं. कुणी हे कागदावर आखलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलं असलेल्या घरांनी ते आपोआप शिकून घेतलं होतं.

घरात वस्तू तरी किती होत्या? याचा एक पक्का हिशोब माझ्याकडे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा पाळण्यात होतो. अम्मा पुढं अनेकदा ती पहाट सांगायची. जमीन हलली, उतरंड कोसळली, ताखातला दिवा खाली आला, दांडीवरचे कपडे मातीत पडले. सगळे अंगणात पळाले. उजाडल्यावर ती आत आली आणि पडलेलं गोळा करायला लागली. फुटलेली मडकी सोडली तर सगळं एका पाटीत मावलं. "एक पाटी में पूरा घर आ गया," असं ती म्हणायची. तिच्या बोलण्यात कधी अभिमान असायचा, कधी लाज.

हे लाजेचं सांगायलाच हवं, नाहीतर जुन्या घराचं कौतुक करता करता मी खोटं बोलेन. घर मोकळं होतं, कारण आणायला पैसा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात अम्माची तांब्या-पितळेची दोन मोठी भांडी मोडीत गेली. त्यानंतर घर आणखी मोकळं झालं. त्या मोकळेपणाला कुणी टापटीप म्हणणार नाही.

पण गरिबीइतकीच दुसरीही एक गोष्ट होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झालं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, मुलाणी अशा बलुतेदारांनी चालणारं गाव त्यात आहे. त्या व्यवस्थेत अन्याय होता आणि आत्रे तिच्यावर बोटही ठेवतात. मला ते पुस्तक वाचताना वेगळीच गोष्ट जाणवली. गावातली वस्तू जिथं तयार व्हायची, तिथंच दुरुस्त व्हायची आणि तिथंच संपायची. मडकं फुटलं की माती. लाकूड मोडलं की चूल. भांड्याचा कस गेला की कल्हईवाला, तेही संपलं की मोड. लुगडं विरलं की त्याची लहान मुलासाठी दुपटी, दुपटी फाटली की ती वाकळेच्या पोटात, आणि वाकळ उसवली की पोतेरं. शहराकडं बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देत असे. प्रत्येक वस्तूला घरात येण्याची वाट होती, तशी बाहेर जाण्याचीही होती. दोन्ही वाटा सारख्याच रुंद होत्या, म्हणून घर तुंबत नव्हतं.

मुलांच्या खेळण्यांचंही तसंच. बेंदराला कुंभार मातीचे बैल देई. चार दिवस ते आमच्या अंगणात नांगरत. मग एकाचं शिंग जाई, दुसऱ्याचा पाय, आणि पावसाची एक सर आली की बैलांची पुन्हा माती. सुतारानं केलेला पांगुळगाडा गल्लीतल्या घराघरांतून फिरे. ज्या घरात मूल उभं राहायला लागलं, त्या घरात तो जाई. सागरगोटे, चिंचोके, कवड्या एका पिशवीत, पिशवी खुंटीला. चिंध्यांची बाहुली दादी करायची, आणि ती बाहुली शेवटी वाकळेतच जायची.

खेळण्यांबद्दल मी जरा अधिकारानं बोलू शकतो, कारण माझे अब्बा आतार होते. कंगवे, फण्या, सुया, काळे मणी, करदोडे, आरसे, अत्तराच्या कुप्या असा त्यांचा माल. कवठे एकंदच्या दसऱ्याला, आरेवाडीला बिरोबाच्या यात्रेला ते पालं ठोकायचे. मुलांसाठी पत्र्याच्या शिट्ट्या, भिंगऱ्या, पिपाण्या आणि लाकडी खुळखुळे ठेवायचे. गावातल्या मुलांकडं आमच्या घरातून खेळणी जात. आमच्या हाती यायची ती न वाजणारी शिट्टी आणि न फिरणारी भिंगरी. माल ट्रंकेत असे आणि ट्रंकेला कुलूप असे.

मी प्राथमिक शाळेत असताना त्या ट्रंकेत प्लास्टिक आलं. हलकं, रंगीत आणि स्वस्त. लाकडी खुळखुळ्यांपेक्षा त्याचा खप जास्त. अब्बांना धंदा कळत होता, त्यांनी लाकडी माल कमी केला. पण एका रात्री हिशोब करताना त्यांनी प्लास्टिकची एक मोडकी बाहुली हातात घेतली आणि म्हणाले, "टूटी तो जुड़ती नहीं. और मिट्टी भी नहीं होती." ते फार शिकलेले नव्हते. पसाऱ्याच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, हे मला पन्नाशीत कळलं. कुंभाराचा बैल पावसात संपत होता. ही बाहुली संपणारच नव्हती. ती कोपऱ्यात, कॉटखाली, माळ्यावर राहणार होती, आणि तिचा तुटका तुकडा एखाद्या रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाणार होता. मुलांच्या खेळण्यांना ठरलेल्या दर्जाचं बंधन घालणारा आदेश आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तोवर दोन पिढ्या त्या तुकड्यांवर वाढल्या.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. मूल आणि वस्तू यांच्याकडं नव्यानं पाहणारी काही माणसं या काळात होऊन गेली.

रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांनी आपलं पहिलं बालगृह उघडलं. सुरुवातीला मुलांचं साहित्य एका उंच कपाटात कुलपात असे, अगदी अब्बांच्या ट्रंकेसारखं. बाई ते काढून वाटत आणि परत ठेवत. एके दिवशी कपाट उघडं राहिलं. बाई आल्या तेव्हा मुलांनी आपापल्या आवडीच्या वस्तू आपणच काढून घेतल्या होत्या. बाईंना ती चोरी वाटली. माँटेसरींना वाटलं, मुलं निवड करू शकतात. मुलांना कोणती वस्तू कुठं असते हेही ठाऊक होतं. त्यानंतर उंच कपाट गेलं आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं आली. साहित्य प्रत्येक प्रकारचं एकच. एकाचं झालं की त्यानं ते जागेवर ठेवायचं, मग दुसऱ्यानं घ्यायचं. आवरणं हे बाईंचं काम होतं, ते मुलाचं झालं.

हा विचार गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी आणला. १९२० साली त्यांनी तिथं बालमंदिर सुरू केलं. त्यांच्यासोबत मुंबईच्या ताराबाई मोडक काम करू लागल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरींचं साहित्य सुबक होतं, पण महाग होतं. ते शहरातल्या बऱ्या घरच्या मुलांपुरतं उरण्याची भीती होती. ताराबाईंनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं आणि तिथं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची असं त्यांनी ठरवलं. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढं १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेलं. शिंपले, बिया, खडे, पानं, माती हेच तिथलं साहित्य. महागाची पेटी नको. आजूबाजूचं वेचायचं, वापरायचं आणि पुन्हा जागेवर ठेवायचं. माँटेसरींचं बुटकं कपाट आणि आपल्या कुंभाराचा बैल या दोघांची गाठ ताराबाई-अनुताईंनी घालून दिली, असं मला वाटतं.

मी चार वर्षांचा असताना आमच्या गल्लीच्या टोकाला एक बालवाडी होती. बाईंकडे खेळण्यांच्या नावाखाली चार डबे. एकात चिंचोके, एकात खडे, एकात गुंजा आणि एकात रिकाम्या काड्यापेट्या. डबे भिंतीशी जमिनीवर ओळीनं मांडलेले. सुटण्याआधी बाई फक्त एवढंच म्हणायच्या, "जिथलं तिथं." चिंचोका खड्यांच्या डब्यात गेला तर ओरडायच्या नाहीत, डबा पुढं सरकवायच्या आणि थांबायच्या. मी घरी यायचो तर अम्माही तेच म्हणायची, "जां की चीज वां." दोन भाषांतलं एकच वाक्य. पण फरक होता. अम्माच्या घरात वस्तूंच्या जागा उंचावर होत्या, मुलाच्या हातापलीकडं. बाईंच्या खोलीत त्या मुलाच्या हातात होत्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. डब्यांची ती ओळ मात्र आपल्या घरात फारशी पोचली नाही.

घरात पोचलं ते लोखंडी कपाट. कुलपांच्या गोदरेजनं १९२३ सालापासून पोलादी कपाटं करायला घेतली होती. आमच्या घरात ते थोरल्या वहिनीच्या लग्नात आलं. सगळ्या गल्लीनं येऊन आरशात पाहून घेतलं. कपाटानं मोठी सोय केली आणि एक गैरसोयही केली. दांडीवरचा कपडा रोज दिसतो, त्यामुळं जास्तीचा झाला की खटकतो. कपाटातला दिसत नाही. न दिसणारी वस्तू खटकत नाही, आणि न खटकणारी वस्तू वाढत जाते.

मग आमच्या भागात द्राक्षं आली. तास-ए-गणेश या जातीच्या नावात आमचं गाव आहे आणि गावचा गणपतीही आहे. द्राक्षं, बेदाणा, कोल्ड स्टोअरेज, आणि १९९१ नंतरची खुली बाजारपेठ. माळवदं पाडून स्लॅबची घरं झाली. ताख गेले, खुंट्या गेल्या, उतरंड गेली. पलंग, सोफा, शोकेस, टीव्ही आला. टीव्हीचा खोका "गॅरंटी संपेपर्यंत राहू दे" म्हणून माळ्यावर गेला आणि गॅरंटी संपल्यावरही तिथंच राहिला. मुलांच्या वाढदिवसाला केक कापायची पद्धत पडली. वीस मुलं आली की वीस खेळणी येतात, आणि परत जाताना वीस मुलांच्या हातात वीस खेळणी द्यावी लागतात. घरात येणारी वाट हमरस्त्याएवढी रुंद झाली. जाणाऱ्या वाटेवरचा कल्हईवाला, बोहारीण, वाकळ शिवणारी दादी ही सगळी माणसं मात्र एकेक करून उठून गेली. घर तुंबणारच.

आमच्याच तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं. गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला, त्या खराट्याची आठवण सरकारी कामात आली. माझ्या सासुरवाडीच्या गावात मी ते दिवस पाहिलेत. बायका-पुरुष पहाटे गल्ल्या झाडत होते, उकिरडे हलले, गटारं झाली. गाव खरंच बदललं. मात्र तपासणीच्या आदल्या रात्री मेव्हण्याच्या घरात जे घडलं ते सांगतो. अंगणातलं, पडवीतलं, मुलांच्या खोलीतलं सगळं उचलून माळ्यावर टाकलं. घर आरशासारखं झालं. तपासणी संपली आणि आठ दिवसांत माळा पुन्हा खाली आला. गल्लीतला कचरा सगळ्यांनी मिळून काढता येतो. घरातला पसारा कचरा असतोच असं नाही, म्हणून तो काढणं अवघड.

हे मला फार महागात शिकावं लागलं. आता ती गोष्ट.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझी मुलगी सांगलीत नदीकडच्या सखल भागात राहते. पाणी गल्लीत शिरलं तशी ती दोन मुलांना घेऊन तासगावला आली. हातात दोन पिशव्या. एकीत रेशनकार्ड, आधार, शाळेचे दाखले, दुसरीत कपडे. १२ तारखेला बकरी ईद होती. ती ईद आम्ही टीव्हीसमोर पाणी बघत काढली.

पाणी उतरल्यावर जावई आणि मी घर बघायला निघालो. पाच वर्षांचा नातू हटून बसला, म्हणून त्यालाही घेतलं. ज्यांनी ते रस्ते पाहिलेत त्यांना सांगायला नको. प्रत्येक दारापुढं त्या त्या घराचा ढीग. भिजून फुगलेल्या गाद्या, पाण्यानं उकललेली प्लायवूडची कपाटं, फ्रीज, सोफे, वह्या-पुस्तकं, आणि चिखलात माखलेली खेळणी. शेकडो खेळणी. घरात असताना या वस्तू कुणाला मोजता आल्या नव्हत्या. आता त्या रस्त्यावर मोजता येत होत्या. मुलीच्या घरातलं सामान बाहेर काढलं तर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरल्या. मला अम्माची पाटी आठवली. १९६७ ते २०१९. एका पाटीपासून दोन ट्रॉल्यांपर्यंत. आमच्या घराण्याचा एवढा नेमका आर्थिक इतिहास दुसऱ्या कुठल्या कागदावर सापडणार नाही.

आम्ही उपसा करत होतो तेव्हा नातू दाराशी बसून चिखलातून काही वेचत होता. त्याच्या मोटारीचं एक लाल चाक, एक गोटी, किल्ली नसलेलं एक लहान कुलूप, आणखी काहीबाही. तासगावला आल्यावर त्यानं ते धुतलं आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरलं. डबा माझ्या कॉटखाली सरकवला. मी पाहिलं होतं, पण पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

सप्टेंबर उजाडला. तासगावच्या गणपतीचा रथ चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ओढला जातो. रथ बघायला आमच्याकडं दरवर्षी पाहुणे येतात, कोण कुठल्या धर्माचा हे त्या दिवशी गावात कुणी विचारत नाही. घरात तेव्हा चार लहान मुलं. पसारा म्हणाल तर पाय ठेवायला जागा नाही. मी एक मोठं पोतं घेतलं आणि सकाळी मुलं झोपेत असताना सगळं भरलं. तुटके ठोकळे, फाटकी चित्रं, कॉटखालचं सगळं. घंटागाडी आली, पोतं गेलं. मला फार हलकं वाटलं. मुसल्ल्याला जागाच जागा झाली.

दुपारी नातू कॉटखाली वाकून बसला होता. बराच वेळ बसला होता. मग माझ्याकडं आला.

"नाना, डब्बा किधर है?"

मी म्हणालो, "बेटा, वो तो कचरे में गया."

तो रडला नाही. म्हणाला, "उसमें घर का था."

एवढंच. माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्याची आई, माझी मुलगी, तीही फारशी बोलली नाही. दोन ट्रॉल्या सामान गेलं तेव्हा ती रडली नव्हती. त्या डब्यासाठी मात्र ती स्वयंपाकघरात रडली, हे मला पत्नीनं नंतर सांगितलं. सगळ्या घरातून जे एवढंसं वाचलं होतं, ते मी सफाईच्या नावाखाली घालवलं होतं.

"जां की चीज वां" हे वाक्य मी आयुष्यभर मुलांवर फेकत आलो. त्या दिवशी त्याचा अर्थ कळला. वस्तू जागेवर ठेवायची तर तिला आधी जागा असावी लागते. त्या मुलाला घर नव्हतं आणि त्याच्या डब्याला जागा नव्हती. बालवाडीतल्या बाईंनी चार डबे मांडून आम्हाला जे दिलं होतं, ते मी माझ्या पाच खोल्यांच्या घरात एका मुलाला दिलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही काय केलं, ते सांगतो. मोठं काही नाही. आमच्याकडं बेदाण्याची पंधरा किलोची खोकी मुबलक मिळतात. प्रत्येक मुलाला दोन खोकी दिली आणि ती भिंतीशी, जमिनीवर, त्यांच्या हाताला येतील अशी मांडली. मावेल तेवढं खोक्यात, उरलेलं माळ्यावर. महिन्यानं माळ्यावरचं खाली आणि खालचं वर. मुलांना जुनं खेळणं नवं वाटतं, नवं आणायची घाई कमी होते. ईदच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा मुलांनीच ठरवायचं, काय ठेवायचं आणि काय द्यायचं. चांगलं असेल ते गल्लीतल्या अंगणवाडीत जातं. तुटकं प्लास्टिक आणि बारीक तुकडे मोठ्यांनी लगेच काढायचे, तिथं दयामाया नाही. आणि प्रत्येक मुलाचा एक लहान डबा, ज्याला मोठ्यांनी हात लावायचा नाही.

हे रोज जमतं का? नाही. सुनेला नोकरी आहे, मुलगा उशिरा येतो, मी कविता सुचली की कागद टाकत सुटतो. जपानच्या मारी कोंडो यांनी घर आवरण्याचं शास्त्र सगळ्या जगाला शिकवलं. तिसरं मूल झाल्यावर, २०२३ साली, त्यांनीही मान्य केलं की पूर्वीसारखी टापटीप आता आपण ठेवत नाही, मुलांना वेळ देतो. हे वाचून सून मला म्हणाली, "अब्बा, ही बातमी कापून ठेवा." मी ठेवली आहे. कात्रणांच्या पसाऱ्यात कुठंतरी असेल.

एक मात्र झालं. सुनेला शिस्तीचे धडे देणं मी बंद केलं. अम्माचं घर आवरलेलं होतं, त्याला अम्माची शिस्त कारण होती, तशी तिची गरिबी कारण होती, भिंतीतले ताख कारण होते आणि कुंभाराची मातीही कारण होती. त्यातलं आज काहीच नाही. मग सगळा भार एका बाईच्या कमरेवर का टाकायचा? वाकायचं तर सगळ्यांनी वाकायचं. मुलांनीही, आणि साठीकडं झुकलेल्या कवीनंही.

पहाटे मी अजूनही दिवा न लावता उठतो. बहुतेक दिवशी अडीच बाय चारची जागा मोकळी असते. एखाद्या दिवशी पायाला काही लागतं. मग मी ते उचलतो आणि अंधारातच त्याच्या खोक्यात ठेवतो. कुणाचं खोकं कुठं आहे, हे आता मला पाठ झालं आहे.

मुलीचं सांगलीतलं घर पुन्हा उभं राहिलं. नातू मोठा झाला, सुट्टीत येतो. पुरानंतरच्या दिवाळीत त्यानं नवा डबा भरला आणि माझ्या कॉटखाली ठेवला. तो अजून तिथंच आहे. केर काढताना मी तो उचलतो, खालची फरशी पुसतो आणि परत जागेवर ठेवतो. उघडून पाहिलेला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)